पान अर्धेच का उघडते? : वाचकांच्या संगणकविषयक शंका

प्रश्न : स. न. वि. वि. आम्ही जुळे सोलापुरात राहतो. यजमानांचा टॉवेल-चादरींचा छोटा व्यवसाय आहे. माल अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतून निघतो, पण बिले, जीएसटीची विवरणपत्रे आणि बाहेरगावच्या व्यापाऱ्यांशी होणारा पत्रव्यवहार मी घरच्या संगणकावर सांभाळते. संगणकात विंडोज १० आहे आणि तो राउटरला वायरने जोडलेला आहे. गेल्या काही महिन्यांपासून त्यावर काही संकेतस्थळे पूर्ण उघडतच नाहीत. गूगलवर शोधले की निकाल पटकन येतात, ईमेलही चालतो. पण बातम्यांच्या पानावर नुसता मजकूर एकाखाली एक उतरतो, छायाचित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसतात आणि कुरिअरच्या पानावर पिनकोड भरून पुढचे बटण दाबले तरी काहीच होत नाही. हीच पाने त्याच वायफायवर मुलीच्या लॅपटॉपवर आणि आमच्या मोबाइलवर व्यवस्थित उघडतात. नेटवाल्यांचा माणूस येऊन स्वतःच्या मोबाइलवर वेग दाखवून गेला. ब्राउझर काढून पुन्हा टाकला, तरी फरक पडला नाही. दुकानातला मुलगा म्हणतो, "काकू, विंडोज मारावी लागेल." सगळे हिशेब त्यात असल्यामुळे धीर होत नाही. दुसरा काही मार्ग आहे का?
— एक वाचिका, जुळे सोलापूर

उत्तर : मार्ग आहे, आणि आपण विंडोज मारू (म्हणजे पुसून नव्याने टाकू) दिली नाही हे उत्तमच झाले. दुकानदाराचा उपाय बहुतेक वेळा लागू पडतो, परंतु बिघाड नेमका कशात होता हे त्यातून कोणालाच कळत नाही, आणि हिशेबाची एखादी फाइल मागे राहिली तर तिची किंमत विंडोजच्या मजुरीपेक्षा कितीतरी जास्त असते.

आपल्याला पडद्यावर एकच पान दिसत असले, तरी ते एका ठिकाणाहून येत नाही. बातमीचा मजकूर वृत्तपत्राच्या सर्व्हरवरून येतो, छायाचित्रे बहुधा सीडीएन म्हणजे जगभर विखुरलेल्या साठवण-सर्व्हरांच्या जाळ्यातून येतात, अक्षरांचे वळण तिसरीकडून, आणि बटण दाबल्यावर पुढे काय करायचे ते सांगणारा स्क्रिप्टचा तुकडा चौथीकडून. मुख्य पत्ता मिळाला आणि बाकीच्यांपैकी दोन-तीन मिळाले नाहीत, की आपण वर्णन केले आहे तसेच सांगाड्यासारखे पान दिसते. त्यामुळे पान मुळीच न उघडणे आणि अर्धे उघडणे या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि दुसरीचे निदान उलट सोपे असते, कारण काय आले आणि काय आले नाही याची तुलना समोरच उपलब्ध असते.

आपले पहिले पत्र आल्यावर आम्ही आपणांस तीन गोष्टी करून पाहण्यास कळवले होते. त्या का सुचवल्या, ते इतर वाचकांसाठी सांगतो. पहिली म्हणजे राउटरची वायर काढून, मोबाइल चार्जिंगच्या केबलने संगणकाला जोडायचा आणि मोबाइलमधील 'यूएसबी टेदरिंग' सुरू करून मोबाइलच्या नेटवर तीच पाने उघडून पाहायची. मोबाइलचे वायफाय मात्र आधी बंद करायचे, नाहीतर तो पुन्हा घरच्याच राउटरचे नेट संगणकाला देईल. या एका चाचणीने घरातील वायर, राउटर आणि बाहेरची फायबर लाइन हे तिन्ही संशयित एकदम बाजूला होतात, किंवा एकदम पकडले जातात. दुसरी, ब्राउझरची खासगी खिडकी उघडून पाहायची. क्रोममध्ये आणि एजमध्ये ती कंट्रोल, शिफ्ट आणि एन या कळांनी उघडते, फायरफॉक्समध्ये एनऐवजी पी. तिच्यात पूर्वी उघडलेल्या पानांचा जुना साठा वापरला जात नाही आणि आपण मुद्दाम परवानगी दिली नसेल तर एक्स्टेन्शनही, म्हणजे ब्राउझरला जोडलेली छोटी पूरक साधनेही, चालत नाहीत, म्हणून तिथे पान नीट उघडले तर दोष जाहिरात अडवणाऱ्या एखाद्या एक्स्टेन्शनचा किंवा ब्राउझरच्या साठ्याचा. तिसरी, पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख वर्षासकट वाचून पाहायची; तिचे कारण पुढे येईल.

आपण कळवले की मोबाइलच्या नेटवरही पाने तशीच अर्धवट उघडली, खासगी खिडकीतही फरक पडला नाही आणि तारीख बरोबर आहे. म्हणजे बिघाड संगणकाच्या आतच आहे, पण ब्राउझरच्या बाहेर आहे. नेटवाल्यांचा माणूस खरेच बोलत होता, आणि ब्राउझर पुन्हा टाकून उपयोग का झाला नाही, तेही यावरून कळते.

यानंतर आम्ही मागितलेले छायाचित्र या प्रकरणात सर्वांत बोलके ठरले. बातम्यांचे पान उघडे ठेवून एफ१२ ही कळ दाबली की बाजूला एक तक्ता उघडतो; त्यातील 'नेटवर्क' हा भाग निवडून एफ५ ने पान पुन्हा मागवले की पानाचा प्रत्येक तुकडा एकेका ओळीत उतरू लागतो. आलेले तुकडे काळ्या अक्षरांत दिसतात, न आलेले लाल. आपल्या छायाचित्रात लाल ओळी पुष्कळ आहेत आणि जवळजवळ प्रत्येकीपुढे एकच शेरा आहे, 'कनेक्शन रिफ्यूज्ड', म्हणजे जोडणी नाकारली. पत्ते मात्र वेगवेगळ्या कंपन्यांचे आहेत: एक छायाचित्रांचा, दुसरा अक्षरांचा, तिसरा भेटी मोजणाऱ्या सेवेचा. एकमेकींशी काही संबंध नसलेल्या चार-पाच कंपन्यांनी सोलापुरातल्या एकाच संगणकाला, आणि तोही कोणत्याही लाइनवरून आला तरी, एकाच वेळी नकार द्यावा हे संभवत नाही. नकार बाहेरून येत नसून आपलाच संगणक स्वतःला देत आहे, असा आमचा अंदाज आहे.

तो पडताळून पाहणे सोपे आहे. स्टार्टमध्ये इंग्रजीत 'सीएमडी' टंकून काळी खिडकी उघडावी. त्यात 'पिंग' हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून, एक जागा सोडून, लाल ओळीतील संकेतस्थळाचे नुसते नाव द्यावे (पुढचे एचटीटीपीएस आणि नंतरची तिरकी रेघ वगळून) आणि एंटर दाबावे. उत्तरात १२७.०.०.१ हा पत्ता दिसला तर शंका उरत नाही, कारण हा पत्ता जगातील प्रत्येक संगणकावर 'मी स्वतः' या अर्थाचा आहे. मग तेच नाव 'एनएसलुकअप' या आदेशाला द्यावे. तो थेट डीएनएस सर्व्हरला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या बाहेरच्या सर्व्हरला, विचारतो, त्यामुळे तिथे खरा, निराळा पत्ता येईल. दोन उत्तरांत अशी तफावत असेल तर दोष होस्ट्स नावाच्या एका छोट्या फाइलमध्ये आहे.

ही फाइल इंटरनेटच्या अगदी सुरुवातीच्या काळातली आहे. तेव्हा जाळ्यातील सर्व संगणकांची नावे आणि पत्ते एकाच यादीत असत आणि ती यादी सर्वांना वाटली जाई. यादी आवाक्याबाहेर जाऊ लागल्यावर १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. जुनी यादी मात्र प्रत्येक संगणकात राहिली, आणि आजही संगणक बाहेर विचारण्यापूर्वी आधी तीच पाहतो. घरातल्या जुन्या फोनवहीत कोणी चुकीचा नंबर लिहून ठेवला असेल तर घरचे सगळे तोच फिरवत बसतात, तसे हे आहे. म्हणूनच कोणताही ब्राउझर आणला, नेट बदलले, तरी फरक पडत नाही. आपण दुसऱ्या पत्रात ओझरता उल्लेख केला आहे की भाच्याने मागे केव्हातरी 'जाहिराती बंद होण्यासाठी काहीतरी टाकले' होते. ते 'काहीतरी' म्हणजे बहुधा हीच यादी असावी: जाहिरातींच्या शेकडो पत्त्यांपुढे १२७.०.०.१ लिहून ठेवायचे, म्हणजे त्या येतच नाहीत. युक्ती चांगली आहे. पण अशी यादी कोणी वेळोवेळी अद्ययावत केली नाही, तर पुढे त्याच नावांवरून छायाचित्रे आणि उपयोगी स्क्रिप्टही येऊ लागतात आणि त्याही अडतात. भाच्याला रागावू नये, आपले काम बरीच वर्षे विनातक्रार चालले ते त्यानेच.

दुरुस्ती अशी करावी. आधी हिशेबाच्या फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी; या कामाला तिची गरज नाही, पण निमित्त चांगले आहे. स्टार्टमध्ये 'नोटपॅड' शोधून त्यावर उजवी कळ दाबावी आणि 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडावे. हे विसरल्यास शेवटी फाइल जतन होत नाही आणि सगळे करूनही काही बदलत नाही. 'फाइल', 'ओपन' असे जाऊन सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टिम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या क्रमाने आत शिरावे. तिथे काहीच दिसणार नाही, कारण नोटपॅड फक्त टीएक्सटी फाइली दाखवतो आणि होस्ट्सला तशी शेपटी नसते. खालच्या उजव्या कोपऱ्यात 'ऑल फाइल्स' निवडले की ती दिसते. मूळ विंडोजमध्ये या फाइलीतील सर्व ओळी हॅश चिन्हाने सुरू होतात आणि अशा ओळी संगणक वाचत नाही. त्याखाली १२७.०.०.१ किंवा ०.०.०.० ने सुरू होणारी लांबलचक रांग दिसली तर आधी ती सगळी निवडून एका वेगळ्या फाइलीत ठेवावी, मग मूळ फाइलीतून काढून टाकावी आणि जतन करावे. नंतर काळ्या खिडकीत 'आयपीकॉन्फिग', एक जागा, मग तिरकी रेघ आणि 'फ्लशडीएनएस' हा आदेश इंग्रजीत द्यावा, म्हणजे लक्षात ठेवलेले जुने पत्ते पुसले जातील. ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा. पाने तेव्हाच पूर्ण उघडायला हवीत.

दोन गोष्टींकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे. त्या यादीत आपल्या बँकेचे किंवा ईमेलचे नाव असेल आणि त्यापुढे १२७.०.०.१ ऐवजी भलताच पत्ता असेल, तर ते भाच्याचे काम नव्हे. कोणीतरी आपल्याला खोट्या पानावर नेत आहे. तशा वेळी त्या संगणकावर काहीही न करता दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदलावेत, बँकेला कळवावे, आणि पैसे गेले असतील तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. दुसरे म्हणजे, काढलेल्या ओळी दोन दिवसांनी पुन्हा हजर झाल्या तर त्या लिहिणारा एखादा प्रोग्रॅम संगणकात बसला आहे असे समजावे आणि विंडोज सिक्युरिटीतील ऑफलाइन तपासणी करून घ्यावी. चोरीच्या सॉफ्टवेअरसोबत येणारे 'पॅच' याच फाइलीत हात घालतात, याविषयी अधिक लिहिण्याची गरज नसावी.

आपल्या संगणकात विंडोज १० आहे, त्याचा या बिघाडाशी संबंध नाही. तथापि त्याला मिळणारे नेहमीचे मोफत सुरक्षा-अद्ययावतीकरण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आहे, हे व्यवसायाचे हिशेब ठेवणाऱ्यांनी विसरू नये.

ज्यांच्या तक्त्यात लाल ओळींपुढे निराळा शेरा येईल, त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने. 'ब्लॉक्ड बाय क्लायंट' असेल तर एक्स्टेन्शनच दोषी, तिथे शोध संपला. 'नेम नॉट रिझॉल्व्ड' असेल तर पत्ता सांगणारी डीएनएस सेवा अडली आहे. संगणकात कोणी जुना डीएनएस हाताने भरून ठेवला असल्यास तो काढून 'ऑटोमॅटिक' करावा, किंवा ८.८.८.८ वा १.१.१.१ देऊन पाहावा. शेऱ्यात 'प्रॉक्सी' (नेटची ये-जा आपल्यामार्फत करणारा मधला सर्व्हर) हा शब्द असेल तर सेटिंग्जमधील नेटवर्कखालचा प्रॉक्सी बंद करावा. घरच्या संगणकाला तो सहसा लागत नाही, आणि कार्यालयातून घरी आणलेल्या यंत्रात तो हमखास राहून गेलेला असतो.

'सर्ट डेट इनव्हॅलिड', म्हणजे प्रमाणपत्राची तारीख जुळत नाही, हा शेरा आपल्याकडे वाटतो त्यापेक्षा जास्त वेळा येतो, आणि त्याचे कारण आपल्या सवयीत आहे. रात्री झोपताना किंवा गावाला जाताना आपण बोर्डावरचे बटणच बंद करतो. वीज चालू असते तेव्हा संगणक बंद असला तरी त्याचे घड्याळ त्या विजेवर चालते. बोर्ड बंद झाला की सगळा भार मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलवर पडतो. सीआर२०३२ नावाचा हा ३ व्होल्टचा सेल संपला की प्रत्येक वेळी तारीख मागे जाते. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाकडे आपली ओळख पटवणारे प्रमाणपत्र असते आणि त्याला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. अशी प्रमाणपत्रे देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची नेहमीची प्रमाणपत्रे ९० दिवसांची असतात, आणि १५ मार्च २०२६ पासून कोणत्याही नव्या प्रमाणपत्राची कमाल मुदत २०० दिवस ठरवण्यात आली आहे. आता संगणकाची तारीख दोन महिने मागे आहे असे समजा. ज्या सर्व्हरचे प्रमाणपत्र त्याआधीचे आहे तो चालेल, आणि ज्याचे गेल्या आठवड्यात नव्याने निघाले तो 'अजून जन्मलाच नाही' असे संगणकाला वाटेल. मुख्य पानाचेच प्रमाणपत्र असे असेल तर ब्राउझर मोठा इशारा देतो, पण छायाचित्रांच्या सर्व्हरचे असेल तर तो काही न बोलता तेवढा तुकडा गाळतो. लोक तारखेकडे पाहतच नाहीत ते यामुळे. शिवाय विंडोजच्या 'आपोआप वेळ जुळवा' यावर विसंबू नये: घरगुती संगणकात घड्याळ १५ तासांहून अधिक चुकले असेल तर ती सेवा मूळ मांडणीनुसार दुरुस्ती करायचे नाकारते. तारीख आधी हाताने बरोबर करावी, मग जुळवणी चालू करावी, आणि सेल बदलून घ्यावा. तो घड्याळांच्या दुकानातही मिळतो.

याखेरीज, अँटिव्हायरसची मुदत संपूनही त्याची 'वेब शील्ड' चालू राहिल्यास ती प्रत्येक पान मध्येच उघडून पाहते आणि काही तुकडे अडवून बसते. पत्त्याच्या पट्टीतील चिन्हावर दाबून प्रमाणपत्र कोणी दिले ते पाहावे. तिथे अँटिव्हायरसचे नाव दिसले तर संशयाला जागा आहे. मुदत वाढवायची नसेल तर तो पूर्ण काढून टाकावा, विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप चालू होतो.

प्रश्न : मी पुण्यातील एका कंपनीचे काम घरून करतो. कंपनीचे व्हीपीएन (कार्यालयाच्या जाळ्याशी होणारी सुरक्षित जोडणी) जोडले की माझ्या लॅपटॉपवर काही संकेतस्थळांचे चक्र नुसते फिरत राहते, काही अर्धी येऊन थांबतात. व्हीपीएन तोडले की सगळे ठीक. घरातल्या इतरांना काहीच अडचण नाही. नेट बदलावे का?
— एक वाचक, होटगी रस्ता, सोलापूर

उत्तर : नेट बदलू नये. माहिती लहान लहान पाकिटांतून जाते आणि साध्या जोडणीत एका पाकिटाची कमाल लांबी १५०० बाइट असते. घरच्या फायबरवर पीपीपीओई (नाव आणि पासवर्ड देऊन नेट जोडण्याची) पद्धत असेल तर तिचे वेष्टन ८ बाइट खाते, म्हणून १४९२ उरतात. त्यावर व्हीपीएन आपले वेष्टन चढवते आणि जागा आणखी घटते. मोठे पाकीट वाटेत मावले नाही तर 'लहान करून पाठव' असा निरोप मागे जायला हवा. मधल्या एखाद्या फायरवॉलने तो निरोप अडवला तर पाठवणारा तेच मोठे पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. छोटी पाकिटे जातात म्हणून पानाची सुरुवात होते, मोठी अडकतात म्हणून पुढे ते थांबते.

व्हीपीएन चालू ठेवून काळ्या खिडकीत पिंग आदेशाला उणे एफ, मग उणे एल आणि १४७२ हा आकडा, त्यापुढे कार्यालयातील उत्तर देणाऱ्या एखाद्या सर्व्हरचे नाव असे द्यावे. १४७२ मध्ये २८ बाइटांची शीर्षके मिळवली की १५०० होतात. उत्तर आले नाही तर आकडा दहा-दहाने उतरवत जावा. ज्या आकड्याला उत्तर येईल त्यात २८ मिळवून येणारी संख्या कंपनीच्या आयटी विभागाला कळवावी आणि व्हीपीएनचा एमटीयू, म्हणजे पाकिटाची कमाल लांबी, तेवढा करण्यास सांगावे. कंपनीच्या लॅपटॉपमध्ये ही सेटिंग स्वतः बदलू नये. आणि 'नेट स्लो आहे' अशी तक्रार करण्याऐवजी हा आकडा दिलात तर तक्रार फिरत राहणार नाही.

प्रश्न : बुधवार पेठेतील आमच्या घरी विंडोज ७ चा जुना संगणक आहे. त्यावर अलीकडे बरीच पाने विस्कटलेली दिसतात. काही टाकून तो सुधारेल का?
— एक ज्येष्ठ वाचक, सोलापूर

उत्तर : पूर्णपणे नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी थांबवला, आणि क्रोमची १०९ ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती आहे. संकेतस्थळे नव्या ब्राउझरांसाठी लिहिली जातात, त्यांतील नवी वाक्ये जुन्या ब्राउझरला कळत नाहीत आणि तेवढा भाग विस्कटतो. फायरफॉक्सची ११५ क्रमांकाची दीर्घ मुदतीची आवृत्ती टाकून पाहावी, तिच्यावर काही पाने सुधारतील. बँकेचे व्यवहार मात्र या संगणकावर करू नयेत. पत्रे टंकणे, छायाचित्रे पाहणे आणि जुने हिशेब चाळणे यासाठी तो नेट न जोडता खुशाल वापरावा. रॅम ४ जीबी असेल तर एखाद्या जाणकाराकडून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली बसवून घेण्याचाही विचार करावा, त्यात चालू आवृत्तीचा ब्राउझर मिळतो.